टणक टायरवाले डॉक्टर

गेला अख्खा सप्टेंबर आमच्या जेवणाच्या टेबलावर टायर मुक्कामाला होते. एक आमटीच्या पातेल्याला टेकून, दुसरा खुर्चीत ऐसपैस. पाहुणे आले तर बसवायचं कुठे, असं मी विचारलं, तर आमचे हे म्हणाले, "अगं, हात तरी लावून बघ, रबर किती मऊ आहे!"

"माझ्या पोळ्या कधी इतक्या प्रेमाने दाबून बघितल्यात का?" मी म्हटलं. चष्मा कपाळावर चढवून माणूस टायरचे काटे न्याहाळत होता.

आमचे हे म्हणजे डॉक्टर कमलाकर रिसबूड. घेतलं हो नाव, उखाण्याशिवाय. साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचे. उभा जन्म लोकांना झोपवलं आणि रिटायर झाल्यावर माझी झोप उडवली. कारण निरोपाच्या पार्टीत त्यांना माउंटन बाइक भेट मिळाली. ही आयडिया आमच्या कन्येची, अन्वीची. ती स्वतः लहानपणापासून जंगलात सायकल हाणते. पोरगी इथेच जन्मली, मराठी छान बोलते, फक्त टायरला बाई करते आणि सायकलला बुवा.

आता अन्वीला इन्व्हरनेसला नोकरी लागली होती. म्हणजे पार स्कॉटलंडच्या टोकाला. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ती निघणार होती, आणि ह्यांना त्याआधी एकच गोष्ट करून दाखवायची होती. घराजवळच्या जंगलात एक उतार आहे. खाली खडूची पांढरी माती, वर बीच नावाच्या झाडांची मुळं आणि पाऊस पडला की सगळं बुळबुळीत. सायकलवाली मंडळी त्याला 'सोप' म्हणतात, म्हणजे साबण. त्या उतारावर सायकलवरून न उतरता, पाय न टेकता खाली यायचं, अन्वीच्या देखत.

एवढं काय त्यात, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण दर रविवारी व्हायचं काय, की अन्वी सुर्रकन खाली जायची आणि खाली थांबून राहायची. हे वर घसरायचे, उतरायचे आणि सायकल हाताने धरून येतायत आपले गरीब बैलासारखे. अन्वी काही बोलायची नाही. तिला बापाची वाट बघायची सवयच होती. शाळेच्या नाटकात पडद्याआडून बघायची, बाबा आला का. बाबा थिएटरमध्ये, पण ऑपरेशनच्या. तिला सायकल शिकवताना सीट धरून पार्कभर धावले ती मी, साडी खोचून. हे त्या दिवशी ऑन-कॉल. कुणाचा दोष नाही त्यात, लोकांचे जीव वाचत होते. पण ह्यांच्या मनात ते सलत होतं. एकदा भांडी विसळताना म्हणालेही, "अनुराधा, पोर आयुष्यभर माझ्यासाठी थांबलीय गं." मला एकदम भरून आलं. मग मी त्यांना कढई घासायला दिली.

तर टायर. पहिली जोडी बारीक काट्यांची. डांबरावर अशी पळायची की हे गाणं म्हणत जायचे, पण चिखलात गेल्या गेल्या काटे बुजले आणि हे आडवे. दुसरी जोडी घेतली राक्षसी काट्यांची, डोंगरावरून उड्या मारणारे लोक वापरतात तसली. ती इतकी जड, की चढावर ह्यांचा श्वास ऐकून कुत्री भुंकायला लागली. मग अन्वीने बसवून समजावलं.

"बाबा, पुढची टायर पकडणारी पाहिजे. मोठे काटे, लांब लांब. मागची टायर पळणारी, छोटे काटे. दोन्ही सेम कशाला?"

"पुढच्याने धरायचं, मागच्याने पळायचं," हे म्हणाले.

"म्हणजे आपल्या संसारासारखं," मी म्हटलं. कोण धरतं नि कोण पळतं, ते सांगायची गरज पडली नाही.

तिसरी जोडी तशी आणली. पुढचा दांडगा, मागचा चपळ. दुकानदारानेही मान डोलावली. आणि तरी हे सोपवर घसरलेच! कोपर सोलवटून घरी आले. हळद लावता लावता मी निक्षून सांगितलं, "बास झालं. हाड मोडलं तर भूल द्यायला कोण येणारे?" हे गप्प. गप्प म्हणजे ऐकणार नाहीत, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतंच.

शेवटचा रविवार उजाडला. रात्रभर पाऊस. मी थर्मास घेऊन बरोबर गेले, म्हटलं, पडलात तर उचलायला कोणीतरी हवं. कार पार्कमध्ये गाडीतून सायकल काढली, तर ह्यांनी आपला लाडका मोठा पंप काढला आणि दोन्ही टायरमध्ये घामाघूम होईतो हवा भरली. मग अंगठ्याने दाबून बघितलं, टिचकी मारली. टणक. चेहऱ्यावर काय समाधान! मग सायकल गाडीला टेकवून हेल्मेट शोधायला लागले. अन्वी पलीकडे मैत्रिणींशी बोलत होती.

मी त्या उताराकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. पाणी ओघळत होतं वरून. ह्या वयात हे काय खूळ! म्हटलं, थांबा, जातातच कसे बघते. शाळेत असताना कन्याशाळेच्या फाटकावर शिट्या मारणाऱ्या पोरांच्या सायकलींची हवा सोडण्यात माझा हात धरणारी मुलगी अख्ख्या पेठेत नव्हती. बसले खाली उकिडवी. पुढच्या टायरच्या व्हॉल्व्हची टोपी काढली, वरचा एवढासा स्क्रू सैल केला आणि दाबलं. फुस्सऽऽ! मग मागचा. फुस्सऽऽ!

"अगं, अगं, काय करतेस!" हे हेल्मेट उलटं घालून धावले.

"चपटं करतेय! बघू कसे जाता!"

आवाज ऐकून अन्वी पळत आली. मला वाटलं, आता पोरगी चिडणार. पण तिने माझा हात बाजूला केला, दोन्ही टायर अंगठ्याने दाबले आणि डोळे विस्फारून बापाकडे बघितलं.

"आई, स्टॉप! आता बरोबर आहे! बाबा, तू रोज किती हवा भरतोस?"

"किती म्हणजे? भरपूर. दाबलं तर दबता कामा नये."

"मी तुला हंड्रेड टाइम्स सांगितलं, कमी ठेव!"

"मला वाटलं, आळशी लोक तसं करत असतील," हे अगदी निरागसपणे म्हणाले. "आमच्या पेठेतला सायकलवाला म्हणायचा, हवा टणक नसेल तर सायकलला हातच लावू नये."

काय बोलायचं आता! भाड्याच्या सायकलवर कॉलेजला जाताना शिकलेला धडा हा माणूस इथे हॅम्पशरच्या चिखलात गिरवत होता. अन्वी कपाळावर हात मारून हसत सुटली. हसता हसता तिने सांगितलं, डांबरावर टणक ठीक, पण मुळांवर तसा टायर चेंडूसारखा उडतो. थोडा दबला, तर मुळाला धरून बसतो. म्हणजे तीन जोड्या बदलल्या, आणि चूक होती ती पंपाची! आणि मी रागाच्या भरात काम करून बसले होते. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"आई, यू आर अ जीनियस," अन्वी म्हणाली.

"मला जीनियस बिनियस म्हणू नकोस, मी अजूनही नकोच म्हणतेय," मी म्हटलं. पण माझं कोण ऐकतंय? दोघं निघालेही. वर जाताना अन्वी म्हणाली, "बाबा, आज तू पुढे. मी मागून येते."

मी पायवाटेने उताराच्या पायथ्याशी गेले. तिथे एक गोऱ्या आजीबाई कुत्र्याला फिरवत होत्या. मी हात जोडून उभी राहिले. म्हटलं, गणपतीबाप्पा, एकवीस मोदक करीन, तेही उकडीचे, फक्त ह्यांचं हाड शाबूत ठेव.

आणि झाडीतून आवाज आला, "बाजूला व्हाऽऽ! बाजूला!" शुद्ध मराठीत! आजीबाईंना काय कळलं देव जाणे, पण त्या कुत्र्यासकट झटकन बाजूला झाल्या. मागोमाग हे! कोपरं फाकलेली, तोंड उघडं, तोंडभर चिखल. पहिलं मूळ, टायरने धरलं. दुसऱ्यावर मागचं चाक जरासं सरकलं, पण पाय काही खाली आला नाही. आणि सरळ माझ्यासमोरून जाऊन थांबले. आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, आणि शिव्याही देत होते.

मला वाटलं, आता हे नाचतील. पण ह्यांनी सायकल आडवी ठेवली, वळले आणि उताराकडे तोंड करून उभे राहिले. हात कमरेवर, नजर वर. अन्वी आली. बाप खाली उभा आहे आणि आपली वाट बघतोय, हे तिला दिसलं तशी ती जागच्या जागी थबकली. पाय टेकला तिनेच!

"ये," हे म्हणाले. "मी थांबलोय."

तिने सायकल टाकली आणि चिखलाच्या कपड्यांनी बापाच्या गळ्यात पडली. मी थर्मासमधला चहा ओतला. तो कपात कमी आणि हातावरच जास्त पडला.

सोमवारी अन्वीची गाडी भरून झाली. डबे, रजया, सायकल, मेतकूट. शेवटी ती गॅरेजमध्ये गेली आणि ह्यांचा लाडका पंप घेऊन आली.

"हे मी नेतेय," ती म्हणाली. "तुझ्या हातात ठेवलं तर परत दगड करशील. बाबा, हवा भरायची असेल तर वर इन्व्हरनेसला यायचं."

पंप इथे कुठल्याही दुकानात मिळतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. पण हे मुकाट्याने पुढे झाले आणि तो तिच्या रजयांमध्ये नीट खोचून ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी चहाआधी हे गॅरेजमध्ये जातात आणि टायर अंगठ्याने दाबून बघतात. काल परत आले ते खुशीत.

"अनुराधा, पुढचा बराच उतरलाय गं."

मी इन्व्हरनेसच्या ट्रेनची तिकिटं बघायला घेतली.