अकरा ग्राउंडांची बाग

मार्च २००४ मधला दुसरा रविवार. जमा रक्कम एक लाख छत्तीस हजार रुपये, चौतीस घरांचे प्रत्येकी चार हजार. हजर: वसाहतीच्या संघाचे चिटणीस, अध्यक्ष म्हणून माझे शेजारी, खजिनदार म्हणून मी, आणि कॉफी येईपर्यंत थांबलेले एकोणीस घरमालक.

वसाहत चेन्नईच्या पश्चिमेला, अंबत्तूरच्या कारखान्यांच्या मागे. मी पुण्याहून इथल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून आलो आणि कर्ज काढून घर बांधले. वसाहतीच्या मंजूर नकाशात मधोमध एक चौकोन हिरवा रंगवलेला होता. अकरा ग्राउंड. इथे जमीन ग्राउंडात मोजतात. एक ग्राउंड म्हणजे चोवीसशे चौरस फूट. नकाशात तिथे बाग होती, प्रत्यक्षात वेडी बाभूळ. योजना अशी होती की खर्चाचा तिसरा हिस्सा रहिवाशांनी आधी भरला तर उरलेला सरकारी कार्यालय घालील. तिसरा हिस्सा एक लाख चौतीस हजार. दोन हजार आम्ही हाताशी ठेवायला जास्तीचे गोळा केले होते.

बहुतेकांना बाग हवी होती ती घरांचे भाव चढावेत म्हणून. मीही त्यांतलाच. शेजाऱ्यांना मात्र ती चालायला हवी होती. ते तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज दोन किलोमीटर चाला, पण सपाटीवर, जिना बंद. म्हणजे गच्चीही बंद. उरला रस्ता. त्या वर्षी शहरात पाणी नव्हते, आणि पहाटेपासून पाण्याचे टँकर आमच्या रस्त्यावरून सुसाट जात. फूटपाथ नाही, कडेला उघडे गटार.

"राव, मी मोजलें," ते मला म्हणाले. "कडेनें वाट केली तर एक फेरी एकशें त्र्याऐंशी मीटर. अकरा फेऱ्या मारल्या कीं झालें. कुणाच्या चाकाखालीं जायला नक्को."

आम्ही दोघे त्या कार्यालयाच्या इंजिनियरकडे गेलो. त्याने तयार नकाशा पुढे ठेवला: मधोमध कारंजे, सिमेंटची चार अळंबी, एक जिराफ. शेजाऱ्यांनी विचारले, वाट कुठे आहे? इंजिनियर म्हणाला, कारंज्याभोवती आहे ना. आम्ही म्हटले, कारंजे काढा, प्यायलाच पाणी नाही, कडेने वाट आणि सावलीची झाडे द्या.

"सार, कारंजे काढले तर अंदाजपत्रक नव्याने करावे लागेल," तो म्हणाला. "नवे म्हणजे पुन्हा वरून मंजुरी. जिराफ हवा तर काढतो."

जिराफ निघाला. पैसे भरले. फाइल वर गेली.

ती वर असताना जागा साफ झाली होती, कारण बाभूळ तोडणे आमच्याकडे होते. मोकळी जागा दिसल्यावर कोपऱ्यावरचा मेसवाला उष्टी केळीची पाने तिथे टाकू लागला, बांधकामवाले राडारोडा ओतू लागले, आणि रिक्षावाले भिंत शोधायचे थांबले. चिटणीसांनी पाटी लावली. पाटीखालीच सगळ्यात जास्त घाण झाली. तेव्हा सभेत कुणीतरी म्हणाले, पिळ्ळैयार बसवा. पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. या शहरात हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. जी भिंत पोलिसाला ऐकत नाही ती देवाला ऐकते.

शेजाऱ्यांचे डोळे चमकले. गावचे घर विकले तेव्हा अंगणातला हातभर उंचीचा दगडी गणपती त्यांनी बरोबर आणला होता. तो इथे मागच्या मोरीजवळ उभा होता आणि त्याचे त्यांना वाईट वाटत असे.

"आमचा देतों," ते म्हणाले. "तो राखण करील. देवापुढें कोण मुतेल, बघूं."

त्यांच्या पत्नीने शुक्रवारी त्याला तेल चोळले आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली बसवला. सिमेंटच्या ओट्याला आठशे पन्नास रुपये लागले. मी तो खर्च 'कुंपण' या सदरात लिहिला. त्या पैशांत अकरा ग्राउंडांना कुंपण कुठल्याच कंत्राटदाराने घातले नसते. आठवड्यात कचरा थांबला. शेजारी रोज सकाळी बाहेर येऊन मला हाक मारत, "राव, बघा, एक पान नाहीं!"

मंगळवारी कुणी दिवा लावून जाई. त्यात वावगे काय? मग पत्र्याची शेड आली. ऊन लागते, म्हणाले. शेडला लोखंडी दार आले, दाराला कुलूप, कुलपाआड दानपेटी. दानपेटी आली तेव्हा चिटणीसांनी देवळाची वेगळी समिती केली. पुढच्या वर्षी ओटा मोडून ग्रॅनाइट घातले, नवग्रह आले, एक गुरुजी सकाळ-संध्याकाळ येऊ लागले, आणि पुढे फुलवालीचा ठेला लागला. प्रत्येक वेळी माझे मत विचारले जाई आणि प्रत्येक वेळी गोष्ट इतकी लहान असे की नाही म्हणणारा नास्तिक ठरावा. शेजारी तरी कसे अडवणार? देव त्यांचाच होता. ते फक्त फेरी पुन्हा मोजत. २००६ मध्ये ती एकशे त्रेसष्ट मीटर उरली होती.

२००७ मध्ये फाइल मंजूर होऊन खाली आली. इंजिनियर टेप घेऊन आला, चपला काढून त्याने नमस्कार केला, कपाळाला विभूती लावली आणि म्हणाला, "जागा रिकामी नाही."

"कोपराच तर आहे," मी म्हटले. "उरलेल्या जागेत करा."

"सार, कागदावर पूर्ण जागा रिकामी लागते. मी अतिक्रमण लिहिले तर हटवायला मलाच सांगतील. मी दोन मुलींचा बाप आहे. मी जागा योग्य नाही असे लिहितो. तुमचे पैसे परत मिळतील."

त्या रविवारी सभा झाली. शेजारी उठून उभे राहिले. त्यांना तमिळ चांगले येई, पण त्या दिवशी ते अडखळत होते. "तो पिळ्ळैयार माझा आहे," ते म्हणाले. "मी त्याला राखायला बसवला होता. मी घरी नेतो."

चिटणीस समजुतीने म्हणाले, "सार, प्राणप्रतिष्ठा झाली. आता तो तुमचा कसा?"

"मुलगी दिल्यावर परत मागतात का?" कुणी म्हणाले, आणि लोक हसले.

"बाग कशाला पाहिजे म्हणे?"

"चालायला," शेजारी म्हणाले.

मागून एक बाई म्हणाल्या, "मग प्रदक्षिणा घाला की! एकशे आठ घाला. चालणेही होईल, पुण्यही मिळेल."

आता सगळेच हसले. शेजारी खाली बसले. मी उभा राहिलो आणि आकडे सांगितले: देवळाला अर्धा ग्राउंड पुरतो, साडेदहा उरतात. चिटणीस म्हणाले, देऊळ वाढणार आहे. दारावर गोपूर यायचे आहे, उत्सवाला मंडप लागेल, गाड्या लागतील. मत घेतले. आमच्या बाजूने दोन हात वर होते.

शेजाऱ्यांनी प्रदक्षिणा खरोखर घालून पाहिल्या. जागा इतकी तोकडी होती की विसाव्या फेरीला त्यांना घेरी आली. उरलेल्या जागेत राडारोड्याचे ढीग आणि बाभळीचे खुंट होते, म्हणून ते रस्त्याने चालू लागले. मी त्यांना म्हटले, काका, आठनंतर चाला, टँकर कमी असतात. ते म्हणाले, आठनंतर ऊन. २००८ च्या जूनमध्ये एका टँकरच्या आरशाचा धक्का त्यांच्या खांद्याला लागला आणि ते गटाराच्या कठड्यावर पडले. खुब्याचे हाड मोडले. हृदयाकडे बघून डॉक्टरांनी मोठी शस्त्रक्रिया टाळली. आता ते पलंगावरून खुर्चीत येतात, खुर्चीतून पलंगावर जातात.

कार्यालयाने एक लाख चौतीस हजार परत केले, व्याजाशिवाय. समितीने ठरवले की रक्कम गोपुराला द्यावी. ज्याला आपले चार हजार परत हवे असतील त्याने लेखी मागावे. देवाकडून परत मागणारा कोण निघणार? मीही मागितले नाहीत.

खाते अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सहीचे होते. म्हणून मी चेक घेऊन त्यांच्याकडे गेलो. पत्नीने त्यांना उशी लावून बसवले.

"कुणाच्या नांवें?" त्यांनी विचारले.

"स्थपतींच्या. गोपूर बांधणारे."

"नाहीं केली सही तर?"

"अहो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "देवाचें काम अडवलें म्हणतील. मला त्याच रस्त्यानें दूध आणायचें असतें."

त्यांनी चष्मा मागितला. सहीला वेळ लागला, ती वेडीवाकडी आली, आणि बँकेने हरकत घेऊ नये म्हणून मी तिच्या बाजूला दुसरी सही करून घेतली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केले. मी चिटणीसांकडे चेक दिला आणि पावती घेतली. हाताशी उरलेले अकराशे पन्नास धरून एक लाख पस्तीस हजार एकशे पन्नास रुपये, स्थपतींना, गोपुराच्या पहिल्या मजल्यापोटी.