दृष्टीचा त्रास

“मॅडम, तेवढा एक प्रश्न काढून टाका की,” फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवत रेणुका म्हणाली. “दृष्टीचा त्रास होतो काय म्हणून विचारलं की बायका हसायल्यात.”

रेणुका आमची फील्ड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे घरोघर जाऊन फॉर्म भरणारी. मी धारवाडच्या एका मेडिकल कॉलेजात माता-बालआरोग्य शिकवते. अळणावरच्या आसपासच्या खेड्यांत गरोदर बायकांमधली धोक्याची लक्षणं शोधायचा आमचा अभ्यास चालू होता. प्रश्नावलीचं मराठी मीच केलं होतं, आणि त्याचा मला गर्वही होता. खोटं कशाला बोलू?

“हसतात का?”

“डॉक्टर लोक दृष्ट लागली काय म्हणून कधीपासून विचारायलेत, म्हणतात. लागली होती, सासूनं मीठ-मिरची ओवाळून काढली, असंच सांगतात. ते फॉर्मात कुठं लिहू? मी ‘नाही’वर टिक केली.”

मी फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला.

गरोदरपणात काही जणींचं BP एकाएकी चढतं. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, एकाचे दोन दिसतात. वेळेत आवरलं नाही तर झटके येतात आणि आई-मूल दोघंही हातची जातात. ती अंधारी पकडायलाच तो प्रश्न होता. मराठी असो की कन्नड, तिथल्या घरांत दृष्टी म्हटलं की दृष्टच आठवते. याच भागात वाढलेल्या मला ते सुचलं नव्हतं.

“रेणुका, नीट आठव. डोळ्यांचं कुणी काही बोललं होतं?”

“एक होती की. फार जोराची दृष्ट लागलीय, चुलीपुढं बसलं की दोन दोन जाळ दिसतात, म्हणायली होती. नववा लागलेली. परवाच.”

“नाव?”

ते तिला आठवेना, गाव तेवढं आठवलं. फॉर्मवर फक्त नंबर असतात. त्या गावातले नवव्या महिन्याचे तीन फॉर्म निघाले. नावांची यादी आमच्या विभागप्रमुख सरांच्या कपाटात, कुलपात.

“एथिक्स समितीच्या परवानगीशिवाय यादी उघडता येत नाही, डॉक्टर,” सर म्हणाले.

“अर्ज मी उद्या लिहिते, सर. ती बाई उद्या असेल की नाही, मला माहीत नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

गावच्या आशाताईंना फोन करून तिघींच्या घरी पाठवलं. दोघी ठीक होत्या. तिसरी सुवर्णा. तिचा फोन बंद. सासू म्हणाली, पहिलं बाळंतपण, काल माहेरी पाठवली, हुबळीला, गोकुळ रोडच्या मागे.

रेणुकाला घेऊन निघाले. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. आजवर माझ्या चुका कागदावर होत होत्या, या चुकीला घर होतं, आई होती.

सुवर्णा उंबऱ्यात बसली होती. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती.

“बसा अक्का, चहा टाकते,” तिची आई म्हणाली.

मी तिच्या दंडाला BPचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशी. मशीन बिघडलं असावं अशी आशा धरून पुन्हा घेतला. तेवढाच.

“चहा नको. आत्ताच्या आत्ता गाडीत बसा.”

हॉस्पिटलच्या दारात, स्ट्रेचरवर घेताना तिला पहिला झटका आला. तिची आई माझा दंड घट्ट धरून “काय झालं, काय झालं” विचारत होती.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, अगदी लहानशी. पुष्कळ दिवसांनी मायलेकी घरी गेल्या. निघताना सासू म्हणाली, “दृष्टच होती नव्हं, मॅडम?”

“हो,” मी म्हणाले. “दृष्टीचाच त्रास होता.”

ज्यांच्या फॉर्मवर ‘नाही’ होतं त्या प्रत्येकीकडे आम्ही परत गेलो. रिपोर्टात मी त्याला ‘भाषांतरातील त्रुटी’ म्हटलं. फॉर्मवर आता असं विचारतो: डोळ्यांपुढं अंधारी येते काय? एका दिव्याचे दोन दिसतात काय? मराठी रेणुकाचं आहे. मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही.