अकरापर्यंत

मोहगावचा गुणवंता घागरे बावीस वर्षांपासून दूरच्या एका बंदरात पूल उचलतो. जहाजांच्या कालव्यावरचा जुना लोखंडी पूल. दोन काठांवर दोन मनोरे, त्यांच्यामधला रस्ता सरळ वर चढतो आणि खालून जहाज जाते. चालवणाऱ्याची केबिन त्या रस्त्यावरच बसवलेली आहे. म्हणून पुलासोबत गुणवंताही वर जातो, आणि जहाज गेल्याशिवाय त्याला उतरता येत नाही.

पुलाचे एक टोक जरा आधी वर जाते. तेव्हा केबिनमधला पूल उचलायचा दांडा अर्ध्यावर धरून अकरा मोजायचे, की दुसरे टोक बरोबरीला येते. हे गुणवंताने स्वतः शोधले आणि कोणाला सांगितले नाही. नोकरी ठेक्याची; सांगितले असते तर त्याच्या जागी दुसरा कोणीही चालला असता. अशी टिकवलेली नोकरी आता सुटत नाही.

मागच्या वर्षी गावाजवळ सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमनची जागा निघाली. बायको सुचिता म्हणाली, ‘आता घरी या.’ पुलावरचे साहेब म्हणाले, पूल चालवणारा माणूस दे, मग जा. गुणवंताने सुचिताच्या भावाला, पंकजला, तिकडे नेले. तीन महिने शिकवले. पंकज रोज बरोबर अकरा मोजायचा. साहेबांनी परीक्षा घेतली त्या दिवशी त्याने नवावरच दांडा सोडला. पूल तिरपा होऊन अधांतरी अडकला. गुणवंताला कोणी सोडले नाही. जिनिंगच्या जागेवर पुढे पंकज लागला.

आज सुट्टी संपली. सौंसरच्या स्टँडवर पंकजच मोटारसायकलवर सोडायला आला. त्याच्या शर्टाला कापसाचे तंतू चिकटले होते.

‘नवावर काहून सोडला गा दांडा?’ गुणवंताने पहिल्यांदाच विचारले.

पंकज संत्रे सोलत होता. ‘अकरा मोजले असते तं मी तिथं लटकलो असतो, भाऊजी.’

‘मले आधी सांगाचं होतं.’

‘तुम्ही बावीस वर्षं कोणाले सांगतलं?’ पंकजने अर्धे संत्रे पुढे केले. ‘घ्या. ताईले सांगू नका.’

गुणवंताने संत्रे घेतले आणि नागपूरच्या बसमध्ये जाऊन बसला. सुचिताचा फोन आला.

‘पंकज आला होता न?’

‘आला होता.’

‘काम टाकून आला बिचारा. तुमच्यावर लय जीव हाय त्याचा.’

‘हो.’

कंडक्टरने दार ओढून घेतले. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. हातात संत्रे तसेच धरून गुणवंता मोजू लागला. अकरा झाले, बस हलली नाही. तो पुढे मोजत राहिला.