जवसाची पिशवी

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होते. "आत्या, बाबा गेले... पहाटे, झोपेतच," एवढं बोलून तो थांबला आणि मी वेड्यासारखं विचारलं, "चहा झाला होता का त्याचा?" पहाटे झोपेत गेलेल्या माणसाचा चहा कुठून होणार! पण धाकट्या बहिणीला अशा वेळी काही शहाणपणाचं सुचत नाही, मग ती कितीही म्हातारी असो. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मधल्या काळात वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. तेल आणि वायूच्या विहिरींसाठी सीलबंदीची नवी अवजारं तयार करणारे ज्येष्ठ तंत्रज्ञ, मूळचे नांदेडचे, वृद्धापकाळाने निधन. बातमी खरी होती, तरी वाचून मला राग आला. त्याचं पहिलं अवजार कुठल्या कारखान्यात नाही, लातूरला आमच्या सासरच्या गल्लीत तयार झालं होतं, आणि त्याचा त्यात उल्लेखही नव्हता. पण बातमी देणाऱ्याला तरी हे कोण सांगणार? ते पाहिलेल्यांपैकी आता मीच तेवढी उरले आहे.

दत्तात्रय हे त्याचं पाळण्यातलं नाव, घरात तो अण्णा. नांदेडला आमचे वडील, नाना, एका वकिलाकडे कारकून होते आणि मुलाने उर्दू शिकून निजाम सरकारची नोकरी धरावी एवढी एकच त्यांची इच्छा होती. अण्णाला मात्र बंद असलेली वस्तू उघडण्याची आणि गळत असलेली वस्तू बंद करण्याची खोड. शेजाऱ्यांचा कंदील, वकीलसाहेबांचं घड्याळ, देवळातली समई... काही म्हणून सुटलं नाही. घड्याळाच्या प्रकरणात नानांनी हात उगारला आणि हा घरातून निघून गेला तो थेट ब्रह्मदेशात, तेलाच्या विहिरींवर. वर्षातून दोन कार्डं यायची. लढाई तिकडे पोचली तेव्हा तीही बंद झाली आणि आईने देव पाण्यात घातले. मग एके दिवशी दारात एक दाढीवाला, हडकलेला माणूस येऊन उभा राहिला. आई त्याला भिकारी समजून भाकरी आणायला आत जाऊ लागली, तर तो म्हणाला, "संगं चटणी बी आण माय."

परत आल्यावर त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. तेलाची विहीर म्हणजे हातभर रुंदीचं, पण खोल पाताळात गेलेलं भोक. त्यात वाटेवर पाणी लागतं, गॅस लागतो, मग तेल. "खणायला काय, कुनीबी खणतंय," तो म्हणायचा, "पर कोणाला आत येऊ द्यायचं आन् कोणाला वाटंतच अडवायचं, ते लई अवघड." ब्रह्मदेशात अडवायचं काम रबराची जाड कडी करायची. ती परदेशातून यायची आणि साहेब लोक त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. अण्णाचा सगळा जीव त्या कड्यांत अडकलेला होता.

माझं लग्न तोवर झालं होतं. सासर लातूरला, मिस्टर एका तेलाच्या गिरणीत हिशेबनीस. घर चांगलं, माणसं चांगली, पाणी वाईट. आमच्या भागातल्या आडाला मचूळ पाणी, आणि गोड्या पाण्याचा आड वस्तीच्या पार पलीकडे. सकाळ तिथेच जायची. एक खेप, दुसरी खेप, तिसऱ्या खेपेला उन्हं वर आलेली. हे सगळ्याच सुनांच्या वाट्याला होतं, मग मीच रडगाणं का गावं? त्याचं कारण असं की, त्याच सुमारास काही खटपटी मंडळींनी मुलींसाठी मराठी शाळा काढली होती. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून, आणि ही आपल्या भाषेतली. पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा मी घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिले होते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचनाचं वेड असं की पुडीचा कागदही सोडायची नाही. मी भीत भीत घरात विषय काढला. मामंजी भले गृहस्थ, 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. ते म्हणाले, "शीक की सूनबाई. पानी भरून झालं की खुशाल जा." शाळा भरायची सकाळी आणि पाणी भरून व्हायचं दुपारी. तेव्हा ती परवानगी म्हणजे बोलाचीच कढी होती.

पंचमीला अण्णा मला न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "कुसे, हल्ली काय वाचून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "कामून?" मी कोपऱ्यातल्या घागरींकडे बोट दाखवलं.  सकाळी उठून तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसला. तिथे सरकारने एक बोअर पाडून ठेवला होता, वर हापसा बसवलेला. पाणी भरपूर, पण खारट. डाळ म्हणून शिजायची नाही त्यात. म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. तो बुजवायचा हुकूम झालेला होता. अण्णाने हापसेवाल्याला गाठून हापसा उतरवायला लावला, बाटलीच्या बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली खोल सोडून दोरी ओढली. वरच्या अंगाचं पाणी खारट निघालं. अगदी तळाजवळचं त्याने जिभेवर घेतलं, मला चाखायला लावलं. ते गोड होतं!

मग काय, पंचमी होऊन गेली तरी मुऱ्हाळी हलेना. बहिणीच्या सासरी भावाने एवढं राहायचं म्हणजे लोकांना आयताच विषय. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, ताटात भाकरी वाढताना विचारायच्या, "दत्तूभाऊ, नांदेडची गाडी बंद पडली का हो?" हा हसून म्हणायचा, "हाव आत्याबाई, वाढा अजून एक." खरी अडचण वेगळी होती. हापशाचा पाइप खाली गोड्या पाण्यात नेता येत होता, पण पाइप आणि खडक यांच्यामधल्या फटीतून वरचं खारट पाणी खाली उतरायचं. ती फट मध्येच गच्च बुजवायला हवी होती आणि लढाईमुळे रबर औषधालाही मिळत नव्हतं. त्याने तागाचे बोळे करून पाहिले, चिंध्या डांबरात बुडवून पाहिल्या. फटीतून खाली जाईल एवढं बारीक केलं तर फट बुजत नव्हती, आणि फट बुजेल एवढं जाड केलं तर ते खालीच जात नव्हतं. बोअर बुजवायला नेमलेले ओव्हरसियर कादरसाहेब शांत स्वभावाचे होते. छत्री टेकवून बसायचे आणि बघायचे. शेवटी म्हणाले, "देखो मियाँ, अगले जुम्मे तक रुकतूँ मैं. उसके बाद मिट्टी डालना पड़ता. ऊपर से पूछतें मेरे कू."  त्या मातीखाली माझी शाळा जाणार होती, आणि हे मी कोणापाशी बोलूही शकत नव्हते.

तोड सापडली ती मामंजींच्या पोटामुळे. त्यांना कोठा साफ न होण्याचा जुना त्रास, त्यावर भिजवलेलं जवस हा त्यांचा जालीम उपाय. कोर्टाच्या कामाला उदगीरला जाताना त्यांनी फिरकीच्या तांब्यात जवस आणि पाणी घालून झाकण घट्ट फिरवून घेतलं. परत आले ते लालबुंद होऊन. तांब्या तसाच बंद! "झाकनच निघंना की! दोघांनी धरलं, तिघांनी धरलं, वकिलानं बी धरलं," ते ओरडत होते, आणि आत्याबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. अण्णाही हसला. मग हसता हसता मध्येच उठला. त्याने मामंजींच्या हातून तांब्या घेतला, कानाशी धरून हलवला आणि त्यांना चक्क वाकून नमस्कार केला. मामंजींना वाटलं, थट्टा चालली आहे. ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मोटा शिवणारे सटवाजी म्हणून एक कारागीर होते. त्यांच्याकडून त्याने पाइपाभोवती बसेल अशी कातड्याची लांबट पिशवी शिवून घेतली. तीत कोरडं जवस भरायचं, पाइपाला बांधून खाली सोडायचं. जाताना बारीक, आणि जागेवर पोचल्यावर भिजून फुगलं की फट बंद. आमच्या घरचं चटणीचं सगळं जवस त्यात गेलं. पिशवी सोडली, एक दिवस जाऊ दिला, गल्ली जमली, हापसा मारला... पाणी खारट ते खारटच. लोक पांगले. पिशवी वर काढली तर आतलं जवस खडखडीत कोरडं! कारण काय, तर आमच्या अण्णासाहेबांनी आदल्या संध्याकाळी त्या कातड्याला करंजाचं तेल चोळ चोळ चोळलं होतं, शिवणीवर मेण लावलं होतं. मराठवाड्यातला माणूस, कातडं हातात आलं की मोट समजून तेल पाजणारच! पाण्याची पिशवी गळू नये म्हणून जपायची एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. डोकं ब्रह्मदेशात जाऊन आलं होतं, हात नांदेडलाच राहिले होते. सटवाजी पोट धरून हसले, "आवो, तुमाला पानी आत पायजे का भायेर, ते तरी ठरवा!" आणि अण्णा कपाळाला हात लावून स्वतःवरच खो खो हसत होता. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, कारण शुक्रवार उद्यावर आलेला होता.

सटवाजींनी रातोरात दुसरी पिशवी शिवली, बिनतेलाची, आरीने भोकं पाडलेली. घरातलं जवस संपलेलं. आत्याबाई स्वतः शेजारणींच्या दारोदार फिरल्या, ओंजळ ओंजळ मागून आणलं. पहाटेच ती पिशवी खाली गेली. दुपारच्या नमाजानंतर कादरसाहेब आले, छत्री टेकवून बसले. मातीची गाडी मागे उभीच होती. अण्णाने हापसा मारायला सुरुवात केली. आधी खारट, मग गढूळ, मग मचूळ. तो थांबला नाही, मारत राहिला, सदरा अंगाला चिकटला. शेवटी कादरसाहेबांनी ओंजळ पुढे केली, घोट घेतला, दाढी पुसली. "जबान का क्या भरोसा, धोखा देती," एवढंच म्हणाले आणि आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई समजल्या. त्या पाण्याची घागर त्यांनी घरी नेली आणि तुरीची डाळ चुलीवर चढवली. आमच्याकडे पाण्याची परीक्षा जिभेवर नाही, डाळीवर होते. सगळी गल्ली अंगणात. मी चुलीशी फुंकणी घेऊन बसले होते आणि देवाला काय काय कबूल करत होते ते मलाच माहीत. आत्याबाईंनी पळीवर डाळ काढली, दाणा बोटांत धरून चिरडला. त्याचं पीठ झालं. त्यांनी बाहेर येऊन कादरसाहेबांना म्हटलं, "गाडी घेऊन जावा तुमची." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "कुसुम, उद्यापासून तुझी शाळा."

पुढचं थोडंफार बातमीत आलंच आहे. संस्थान गेलं, राज्य बदललं, अण्णा आधी आसामात आणि मग गुजरातेत तेलविहिरींवर गेला. तिथे एक विशिष्ट रबर तेलात फुगतं म्हणून रद्दी समजून टाकून देत. याने तेच उचललं आणि त्याची कडी केली, तेल लागलं की आपोआप फुगून फट बंद करणारी. मोठमोठे साहेब विचारायचे, ही कल्पना सुचली कशी? हा सांगायचा, "आमच्या कुसुमच्या सासऱ्याचं पोट साफ होत नव्हतं." त्यांना तो विनोद वाटायचा. मीही शिकले, शिक्षिका झाले, निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापिका होते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज ठिकठिकाणी शिकवतात, कोर्टात उभ्या राहतात. ही माझी कर्तबगारी असं लोक म्हणतात. मी ऐकून घेते.

खरं म्हणजे एवढी सगळी हकिगत लिहिली ती डाळ शिजली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. मी वेणीफणी करून, पाटी घेऊन निघाले आणि घागर उचलून हापशावर गेले, तर तिथे सगळ्या लातूरच्या बाया जमलेल्या! गोडं पाणी म्हटल्यावर दुसरं काय होणार? रांग पार मारुतीपर्यंत गेलेली. माझा नंबर यायला दुपार झाली असती. पाणी भरून झालं की खुशाल जा... शब्द तर शब्दच. मी रांगेच्या शेवटी उभी राहिले आणि लांबून शाळेची घंटा ऐकू आली. अण्णाची नांदेडची गाडी त्याच सकाळी होती. बोचकं काखेत मारून तो निरोप घ्यायला आला, रांगेकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. बोचकं खाली ठेवलं आणि माझ्या कमरेवरची घागर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्या काळी पुरुषाने बायांच्या रांगेत उभं राहायचं! बाया पदराआडून हसायला लागल्या. कुणी तरी म्हणालं, "बाई गं, मुऱ्हाळी पानक्या झाला!" तो म्हणाला, "हाव, झालो. कुसे, तू पळ. घंटा झाली."

मी पळाले. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर आसामपासून गुजरातपर्यंत ज्याच्या नावाचा पुढे दबदबा होणार होता तो माझा भाऊ, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खांद्यावर घागर घेऊन, स्वतःच गोड केलेल्या पाण्यासाठी रांगेच्या शेवटी उभा होता. गाडी त्याने सोडून दिली.

जन्मभर नोकरी केली, पण शाळेत मी कधी उशिरा पोचले नाही. बाई शिस्तीच्या, असं सगळे म्हणायचे. शिस्त कसली डोंबलाची... माझ्या जागी तिकडे अण्णा रांगेत उभा होता.