दाजींचा शांत होण्याचा क्लास

दाजी मला कधीच आवडले नाहीत. अक्काच्या लग्नात बुंदी कोरडी झाली म्हणून त्यांनी माझ्या आईला भर पंगतीत ऐकवलं होतं, तिथपासून. पण पडले बहिणीचा नवरा. आपल्याकडं दाजींना उलटं बोलायची सोय नसते. राग पोटात ठेवायचा आणि "जेवलात का?" विचारायचं.

ते खुटबावचे. आज्यापर्यंत त्यांच्या घरचे मेंढरं घेऊन फिरत, वडलांनी जमीन धरून ऊस लावला आणि दाजी शिक्रापूरला प्लॉटच्या धंद्यात शिरले. पुढं तो धंदा मंदावला. दाजी कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराला गेले आणि परत आले ते पांढरे कपडे घालूनच. आवाज खाली आला होता. प्रत्येक वाक्याआधी डोळे मिटून थांबायचे. थोड्याच महिन्यांत त्यांनी शिक्रापूरच्या चौकाजवळ, टायरच्या दुकानावरच्या गाळ्यात, क्लास काढला. बोर्ड लावला : 'मन जिंका, मार्केट जिंका.'

मी तेव्हा सणसवाडीला एका पॅकिंगच्या कंपनीत सुपरवायझर होतो. दुपारची शिफ्ट, त्यामुळं सकाळी शिरूरच्या घरी बसून शेअर बाजारात ट्रेडिंग करायचो. सौदे बरे जमायचे. हरणं जमायचं नाही. तोटा झाला की बाजारानं माझा चारचौघांत अपमान केला असं वाटायचं. मग सूड म्हणून लगेच दुप्पट सौदा घ्यायचो आणि तोही बुडवायचो. एकदा फोन भिंतीवर आपटला. बायकोनं थेट अक्काला सांगितलं. संध्याकाळी अक्काचा निरोप आला, "ह्यांच्या क्लासला जा. घरचा माणूस हाय, फी बी घ्यायचे न्हाईत."

फी घेतली. पूर्ण घेतली. "फुकटच्या ज्ञानाला मान नसतो, पाव्हणं," दाजी म्हणाले.

बाजार उघडायच्या आधी आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसायचो. बरेचसे नाइट शिफ्ट करून आलेले कामगार, बिहार-यूपीचे, अंगावर कंपनीचेच कपडे. खाली हायवेवर ट्रकचे हॉर्न चालू. दाजी पितळी घंटी वाजवायचे, सगळे डोळे मिटायचे आणि दाजी सांगायचे, "श्वास आत येतोय, बघा. बाहेर जातोय, बघा. राग आला, त्योबी बघा. भांडू नका त्याच्याशी." मग घंटी वाजायची, आम्ही आपापले फोन उघडून सौदे घ्यायचो आणि दाजी आमच्या पाठीमागनं फेऱ्या मारायचे.

सगळ्यात चीड कशाची यायची? त्यांचा उपाय मला लागू पडला, ह्याची. तोटा दिसला की छातीत जे भडकायचं ते आता मला आधी दिसायला लागलं. बोट स्क्रीनवर जायच्या आत एक श्वास मध्ये यायचा. सूड घेणं बंद झालं. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्याच आवाजानं मी शांत होत होतो.

पण प्रश्न विचारलेला दाजींना खपायचा नाही. एकदा मी विचारलं, "दाजी, स्टॉपलॉस कुठं लावायचा ते सांगा की. किती तोटा झाल्यावर बाहेर पडायचं?"

त्यांनी डोळे मिटले. "ह्यो प्रश्न कोण विचारतंय? तू, का तुझा अहंकार?"

सगळे हसले. माझ्या शेजारी बसणारा वेल्डर तेवढा हसला नाही. बिहारमधल्या छपऱ्याकडचा माणूस, माझ्याच वयाचा, दाढीत पांढरे केस. त्यालाही उत्तर हवं होतं, असं मला वाटलं.

मग तो दिवस आला. सकाळपासून बाजार पडत होता, आणि थांबेना. गाळ्यात जवळजवळ सगळ्यांनी वर जाणार म्हणून खरेदी केलेली होती. दाजी फेऱ्या मारत म्हणत होते, "पळू नका. भीतीकडं बघा. जो बघतो तो जिंकतो." मी माझा सौदा कापला, तोटा घेतला, श्वास घेतला आणि मोकळा झालो. वेल्डरनं आपला फोन दाजींपुढं धरला.

"गुरुजी, निकल जाऊँ क्या?" त्यानं विचारलं.

"ये डर है," दाजी म्हणाले. "डर को देखो. हिलो मत."

मला राहवलं नाही. "भाई, बेच दो," मी म्हणालो. "अभी बेच दो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाजींकडं. आणि डोळे मिटून घेतले.

दाजींचा फोन टेबलावर उघडा पडला होता. मी उठलो आणि उचलला. त्यांच्या नावावर एकही सौदा चालू नव्हता. सकाळीच, पडायला सुरुवात होताच, त्यांनी सगळं विकून टाकलं होतं.

"दाजी, तुम्ही तर कवाच बाहेर पडलाय! आन् ह्यांना बसवून ठेवलंय?"

"फोन ठेव!" ते ओरडले. भर पंगतीत आईवर चढला होता तोच आवाज. त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारून फोन हिसकावला. मग त्यांनी पांढरा सदरा नीट केला, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्यात अहंकार उरला न्हाई, म्हणून मला बाहेर पडता येतं. ह्यांच्यात अजून हाय, म्हणून ह्यांनी बसून बघायला पायजे. आन् तुझ्यात किती हाय, ते समद्यांनी आत्ता बघितलं."

लोकांनी माना डोलावल्या! दाजींनी घंटी वाजवली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्या गाळ्यात डोळे उघडे ठेवून उभा असलेला मी एकटाच उरलो. चपला घालून खाली उतरलो. बाजार त्या दिवशी बंद होईपर्यंत पडतच राहिला.

वेल्डरला मी पुढच्या आठवड्यात शोधलं. त्याच्या खोलीचा मालक म्हणाला, "गेला गावाकडं. सामान बी अर्धं इथंच टाकून गेला."

काही महिन्यांनी दाजींनी खुटबावला नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला अक्कानं दोनदा फोन केला म्हणून गेलो. दाजींनी मला स्वतः पंगतीत बसवलं, जिलबी वाढली आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यो आमचा विद्यार्थी. बुद्धी लई, पर मन कच्चं." क्लासचे लोक हसले. मी जेवलो. हात धुताना त्यांना एकटं गाठून म्हणालो, "त्यो वेल्डर सामान टाकून गेला, दाजी. ठाव हाय का तुम्हाला?"

"तू अजून तिथंच अडकलायस," ते म्हणाले. "मी कवाच सोडलं."

निघताना अक्कानं दारात अडवलं. "पाया पड ह्यांच्या. एवढं कर, मग संपलं."

"कशासाठी?"

"माझ्यासाठी."

दाजी मागं उभेच होते, हात आधीच आशीर्वादाला उचललेला. मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणं श्वास बघितला. आत आला, बाहेर गेला. राग कुठंही गेला नाही. उलट, इतका स्वच्छ तो मला पूर्वी कधी दिसला नव्हता.

"अक्का, मी निघतो," म्हणालो.

ती म्हणाली, "तुला भाऊ म्हणून बोलावलं व्हतं, वकील म्हणून न्हाई." आणि आत गेली. सोडायला रस्त्यापर्यंत कोणी आलं नाही.

ट्रेडिंग मी अजून करतो. छोटा तोटा आला की कापतो, डोकं फिरत नाही. बायको म्हणते, तुम्ही बदललात. दाजींनी आता दौंडलाही क्लास काढलाय, तिथं इथल्यापेक्षा जास्त गर्दी असते म्हणे.

ह्या वर्षी अक्काची राखी कुरिअरनं आली. पाकिटावर पत्ता दाजींच्या अक्षरात होता, आणि पाठवणाऱ्याच्या जागी क्लासचा शिक्का. राखी बायकोनं माझ्या हाताला बांधली. पाकीट मी फाडून टाकलं.