राधाकिशन मास्तरांचं शेळ्यांचं आवार

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत भरायची, आणि केजचा राधाकिशन बीडच्या शाळेत आला तेव्हा त्याचं उर्दू बाजारापुरतंच होतं. त्रिकोणमितीच्या पहिल्याच तासाला उस्ताद गरजले, "राधाकिशन, तीस दर्जे का जैब निकालो!"

राधाकिशन उठला आणि त्यानं सदऱ्याचा खिसा उलटा केला. फुटाणे फरशीवर घरंगळले. वर्ग हसून लोळला.

शेजारी बसणारा अजीज, बांगड्या विकणाऱ्या मनियाराचा पोरगा, फुटाणे वेचता वेचता कुजबुजला, "अबे, खिसा न्हाई! कोनासमोरची बाजू भागिले कर्ण, त्याला जैब म्हन्त्यात. तीस अंशाला ती निम्मी येती."

"मंग आसं सांग की! हे तर मला येतंय."

तेव्हापासून अजीज शब्द फोडायचा आणि राधाकिशन गणितं. दोघं मिळून पास झाले, मिळूनच औरंगाबादेच्या कॉलेजात गेले. तिथं कलनानं राधाकिशनला झपाटलं. बदलणारी गोष्ट नेमकी कुठं सगळ्यात मोठी होते, ते कागदावर सापडतं, याचं त्याला लई नवल.

पुढं तो बीडलाच गणिताचा मास्तर झाला. बायको भिवराबाई शेळ्या पाळायची. एकदा ती म्हणाली, "आवं, बाभळीच्या काट्या एवढ्याच हायत. भिंतीला धरून आवार करून द्या."

मास्तर खुलले. तेवढ्याच काट्यांत जास्तीत जास्त जागा कशी मिळेल, ते काढायचं. एका बाजूला भिंत, तीन बाजूंना कुंपण. रुंदीला क्ष मानलं, क्षेत्रफळाचं समीकरण मांडलं, त्याचा अवकलज शून्याबरोबर ठेवला. भिंतीलगतची लांबी रुंदीच्या दुप्पट आली. दिवसभर खपून त्यांनी तसंच आवार घातलं. एक काटकी उरली नाही.

भिवराबाई सगळीकडून फिरून आली. "लई झ्याक. शेळ्या वरून टाकू का आत?"

दारच राहिलं होतं! मास्तर स्वतःच खदाखदा हसत सुटले. मग एकदम थांबले. दाराला घरातलं जुनं फळकं चालणार होतं, म्हणजे तेवढं कुंपण वाचणार. तिथंच मातीत काडीनं त्यांनी पुन्हा गणित मांडलं, काट्या उपसल्या, नव्यानं रोवल्या. आवार आधीपेक्षा मोठं भरलं.

"म्हंजे दार ठिवल्यानं जागा वाढली?" भिवराबाईनं विचारलं.

"वाढली की!"

"मंग आजून एक मावंल."

पुढच्या बाजाराला ती कबरी शेळी घेऊन आली. मास्तर दारातच आकडेमोड करत बसलेले. तिनं दावं त्यांच्या हातात दिलं. "हिला आधी पानी दावा. गनित उंद्या करा."