महाड स्टँडावरचे विमानवाले

"किती नाय मास्तर, कुठं ते बघायचं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल सांगता येणार नाही. कुणी भाताचे पोते डोक्यावर घेऊन आला की ते आधी पोत्याखाली हात घालत, थोडे उचलल्यासारखे करत, डोळे मिटत आणि मग हे बोलत. वजन किती याची चिंता करू नका, ते गाडीत कुठे ठेवता याची करा, असा त्याचा अर्थ. तुम्ही स्टँडावर असता तर तुम्हालाही वाटले असते की हा माणूस जन्मभर मोटारींवर माल चढवत आला आहे. तसे नव्हते. ते विमानात माल चढवत.

मी तेव्हा महाडच्या एस.टी. स्टँडावर तिकिटे देत असे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. वय चोविसाच्या आसपास. त्यापूर्वी एका खासगी मोटार सर्व्हिसमध्ये हेच काम करत होतो; सरकारने मोटारी घेतल्या तेव्हा मोटारींबरोबर मीही सरकारी झालो. विमानवाले वरंधच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. वय पंचेचाळिशीचे, उंची बेताची, खांदे मात्र दाराएवढे. शिमग्याला आणि गणपतीला गावी येत आणि जाताना मुंबईच्या बोटीला जोडून असलेली धरमतरची गाडी सुटेपर्यंत माझ्या खिडकीशी उभे राहून विमानांच्या गोष्टी सांगत.

विमानाचा धंदा मला कळला तो त्यांच्याकडून. लढाई संपल्यावर लष्कराची जुनी डाकोटा विमाने स्वस्तात निघाली. मुंबईत ज्याला त्याला विमान कंपनी काढायची घाई झाली. विमाने झाली भाराभर आणि प्रवासी पूर्वीएवढेच. एकाच गावाला दोन-दोन कंपन्यांची विमाने अर्धी रिकामी जात. पेट्रोल महाग. काही कंपन्या बसल्या, उरलेल्या धापा टाकत राहिल्या. "आमची बी त्यातलीच," ते म्हणत. "मानसं नाय मिळाली तर कापडाच्या गाठी भरायच्या. विमानाला काय, दोनी सारकंच."

डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून बसते, त्यामुळे तिच्या पोटात जमीन चढाची असते. शहरातले हमाल त्या चढावर माल नेताना दमत. हे डोंगरातले, त्यांना तो चढ जाणवतच नसे. जड माल कुठवर पुढे न्यायचा, शेपटीकडे किती ठेवायचा, हे त्यांना हाताने कळे. शेपूट जड झाली तर विमान नाक वर करते आणि मग ते कुणाचेच ऐकत नाही, असे ते सांगत, तेव्हा आवाज नकळत खाली येई.

एका वर्षी शिमग्याला येऊन गेलेला हा माणूस महिनाभरातच परत आला. बरोबर अंथरुणाची वळकटी होती. मी विचारले तर म्हणाले, रजा घेतली आहे. पुढच्या दोन-चार दिवसांत रोज सकाळी वाडीतून उतरून स्टँडावर येऊन बसू लागले. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी आपणहोऊन सांगितले.

सरकार आता विमानेही घेणार हे नक्की झाले होते. सगळ्या कंपन्यांची विमाने, कारखाने, माणसे एका सरकारी मंडळाकडे जायची होती. प्रत्येक कंपनीने आपल्या माणसांची यादी द्यायची. यादीत नाव असेल तो सरकारी नोकर, नसेल तो घरी. आणि जाता जाता मिळेल तेवढे मिळवून घ्यावे म्हणून त्यांच्या मॅनेजरने मिळेल तो माल घ्यायला सुरुवात केली होती.

एक दिवस नागपूरच्या विमानासाठी कापडाच्या गाठी आल्या. यांनी एक उचलली आणि खाली ठेवली. गाठीवर लिहिलेले वजन आणि हातात आलेले वजन जुळेना. काट्यावर घातली तर गाठ बरीच भारी निघाली. सगळ्याच तशा. मॅनेजर म्हणाला, कागदावर आहे तेच वजन, चढवा. हे विमानाच्या दारात बसून राहिले. बाकीच्या हमालांना पुढे जाता येईना. शेवटी विमान चालवणारे कॅप्टनसाहेब, एक वयस्क पारशी गृहस्थ, काय झाले ते बघायला आले. त्यांनी यांचे ऐकून घेतले, तीन गाठी उतरवल्या आणि उशिरा का होईना, विमान नेले.

विमान डोळ्यांआड झाल्यावर मॅनेजरने यांना बोलावले. उद्यापासून येऊ नकोस, यादीत तुझे नाव जाणार नाही, एवढेच सांगितले.

"घरी सांगितलंत?" मी विचारले.

"काय सांगू? रजा हाय म्हंटलंय."

मी म्हटले, कॅप्टनसाहेबांना पत्र लिहू. ते तयार होईनात. एवढ्या मोठ्या माणसाला आपले रडगाणे कशाला, आपण आपले काम केले, असे त्यांचे म्हणणे. मग मी त्यांना आमच्या मोटारींची हकीकत सांगितली. सरकारने मोटारी घेतल्या तेव्हा मालकाने आमच्या एका क्लीनरचे नाव गाळले होते. आमचा म्हातारा ड्रायव्हर यादी तपासणाऱ्या सरकारी साहेबासमोर जाऊन उभा राहिला आणि हा माणूस आमचा आहे एवढेच म्हणाला. तो क्लीनर आज पोलादपूरच्या गाडीवर कंडक्टर होता. तो चहा पिताना मी यांना दाखवलासुद्धा. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, लिवा.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी पत्र लिहिले. त्यांची एकच अट होती, मॅनेजरबद्दल वाईटसाईट लिहायचे नाही. जे झाले तेवढेच लिहायचे. उत्तरासाठी पत्ता स्टँडाचा दिला, कारण वाडीत पत्र गेले असते तर घरी कळले असते.

आणि मग वाट बघणे सुरू झाले. रिकामे बसणे त्यांना जमत नसे. आंब्याचे दिवस सुरू होत होते. भोरच्या गाडीच्या टपावर करंड्या, ट्रंका, नाचणीची पोती, कोंबड्यांचे खुराडे अशी सगळी रास चढे. एक दिवस ते न विचारताच टपावर चढले आणि सगळा माल उतरवून पुन्हा लावू लागले. ड्रायव्हर भडकला. गाडी पाव तास उशिरा सुटली आणि मला वरून बोलणी बसली. पण दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "ते विमानवाले आले नाहीत का अजून? काल वरंध घाटात गाडी जराही झुलली नाही." त्या दिवसापासून भोरची गाडी त्यांच्या हाताशिवाय सुटेनाशी झाली. खुराडे मात्र ते नेहमी मागे ठेवत. कोंबड्यांना पुढचा वारा सोसत नाही, म्हणत. हे काही विमानात शिकले नव्हते.

दोन आठवडे गेले, तीन गेले. टपाल वाटणारा दिसला की ते दुसरीकडे बघत, जणू त्यांचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

एका बाजाराच्या दिवशी त्यांची बायको भाकरी घेऊन आली. ते टपावर होते. ती माझ्या खिडकीशी आली आणि पदर सावरत म्हणाली, "मास्तर, कागुद नाय आला ना अजून?"

मी गडबडलो. कसला कागद, असे काहीतरी पुटपुटलो.

"रजेवर येनारा मानूस वळकटी घेऊन येतो का?" ती म्हणाली. "मला त्याच दिशी कळलं. रातभर डोळा लागत नाय त्यांचा, आनि रोज इथं उतरत्यात ते कागदाबिगर कशाला? त्यांना सांगायचं नाय, मंग मी कशाला इचारू?" आणि टपाकडे बघत, "तुमी बी नका सांगू, मला ठाव हाय म्हनून."

पत्र आले ते त्यानंतर चार-पाच दिवसांनी. मी ते फोडले तेव्हा ते समोरच्या पोत्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर घट्ट धरून. कॅप्टनसाहेबांनी लिहिले होते की, हा माणूस रजेवर गेला अशीच त्यांची समजूत होती. पत्र मिळाल्यावर ते स्वतः यादी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला भेटले. नाव यादीत चढले आहे. येत्या सोमवारी सांताक्रूझच्या विमानतळावर हजर व्हावे. खाली आणखी एक ओळ होती. ती मी मराठीत सांगितली: "याने माल भरलेले विमान मी काही न विचारता उडवतो, असे मी त्या अधिकाऱ्याला सांगितले."

ते म्हणाले, "मास्तर, ती शेवटची वळ परत वाचा."

मी वाचली. त्यांनी टोपी काढली, तिने तोंड पुसले आणि ती हातातच धरून बसले. भोरच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. त्या दिवशी टपावरचा माल आम्ही दोघा-तिघांनी कसातरी लावला. त्यांना कुणी उठवले नाही.

रविवारी सकाळी दोघे नवराबायको स्टँडावर आले. ते वळकटी ठेवायला गेले तेव्हा मी तिला विचारले, सांगितले का? ती हसली. म्हणाली, सांगितले, पार पहिल्यापासून सांगितले, गाठी, मॅनेजर, कॅप्टनसाहेब, सगळे. "मी बी पयल्यांदाच ऐकल्यावानी ऐकलं."

पुढे माझी बदली झाली, आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. सरकारी मंडळात ते मुकादम झाले, मोठी नवी विमाने आल्यावर पोरांना माल लावायला शिकवत, असे कुणाकुणाकडून कानावर येई. ते आता नाहीत, हेही असेच कुणाकडून तरी कळले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते येतात ते त्या रविवारचे.

धरमतरची गाडी भरली होती. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. बायको खाली उभी राहून काहीतरी सांगत होती, तिकडे पोचल्यावर कागद टाका, पाण्याची काळजी घ्या, असेच काही. ते मान हलवत होते. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली. ती दोन पावले गाडीबरोबर चालली आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारले.

"झोपले," ती म्हणाली.

गाडी स्टँडाच्या फाटकातून वळताना मलाही दिसले. डोके खिडकीच्या दांड्याला टेकलेले, तोंड किंचित उघडे, हातात तिकीट तसेच. फाटकाजवळच्या खड्ड्यात गाडी चांगली आदळली, तरी ते जागे झाले नाहीत.